आप्पांची मर्सिडीज विकून एसयूव्ही घ्यावी का?

काका, आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. माझे वडील, आप्पा, गेल्या वर्षी गणपतीत गेले. त्यांची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर आता आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे. दोन सीटची, टप उघडणारी, मार्च २०११ चं पासिंग. आई म्हणते, तूच ठेव. मिस्टर दर पंधरा दिवसांनी ती जागेवरच सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवतात. टप उघडत नाही, बटण दाबलं की नुसता मेसेज येतो. एका गॅरेजने सांगितलं, पंप गेलाय, दीड लाख लागतील. डिकीत आप्पांची घडीची खुर्ची आणि थर्मास आहे तसाच आहे, मी हात लावलेला नाही. मुंबईचा एक डीलर साडेसहा लाख देतो म्हणतोय. इकडे दिरांच्या ओळखीत २०२२ ची डिझेल एक्सयूव्ही ७००, सात सीटची, ४१ हजार किलोमीटर झालेली, सोळा लाखांना मिळतेय. ती आली की सध्याची छोटी गाडी दिरांना देणार. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मिस्टर म्हणतात, पांढरा हत्ती विकून टाक. मला गाड्यांमधलं फार कळत नाही. एसएलके मी कधी चालवलीही नाही. 'रविवारी शिकवतो' असं आप्पा म्हणायचे, ते राहूनच गेलं. दोन्ही गाड्यांची तुलना करून सांगा, कोणती ठेवावी? (नाव छापू नये.)

ताई, तुलना मागितलीत तर ती आधी उरकून घेतो. ताकद दोघींची जवळजवळ सारखी. एसएलके १८४ अश्वशक्तीची, एक्सयूव्हीचं डिझेल इंजिन १८५ चं. (तुमची एएक्स मालिकेतली असेल असं धरतोय. खालच्या एमएक्समध्ये १५५ आहे, बघून घ्या.) फरक आहे तो ओझ्यात. एसएलके १४०० किलोच्या आसपास, दुसरी तिच्याहून जवळजवळ अर्धा टन जड. घोडे तेवढेच, पण एकीकडे टांगा आणि दुसरीकडे वऱ्हाडाची बस. एसएलके जेमतेम १.३ मीटर उंच. तीत सासूबाईंना बसवायचं म्हणजे आधी जवळजवळ जमिनीवर बसवायचं आणि उतरताना दोघांनी धरून वर ओढायचं. एक्सयूव्हीत त्या मधल्या रांगेत नुसत्या सरकून बसतील. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२१ साली एक्सयूव्ही ७०० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. एसएलकेला मागची सीटच नाही, आणि चार वर्षांच्या पोराला पुढे एअरबॅगसमोर बसवायचं नसतं. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंतसुद्धा नाही.

घरात माणसं पाच. तेव्हा घरची गाडी कोणती, हे तुमच्या मिस्टरांनी आधीच सांगितलंय आणि ते बरोबर बोलताहेत. एसयूव्ही घ्या.

पण तुम्ही विचारलंय ते वेगळं. रोज पोरांना शाळेत सोडायला कुणी येवल्याची पैठणी नेसत नाही, म्हणून काही ती विकायला काढत नाही. मात्र पैठणी नुसती कपाटात ठेवली तर घडीवर चिरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. अधूनमधून बाहेर काढून घडी बदलावी लागते. तुमच्या पार्किंगमध्ये सध्या तेच चाललंय. गाडी घडीवर चिरतेय. त्यामुळे विकायची की ठेवायची यापेक्षा तिची घडी मोडणार कोण, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याकडे येतोच. आधी कागद.

आरसी कुणाच्या नावावर आहे? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे ती आप्पांच्याच नावावर असणार. गाडीचा मालक गेला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुमचं वर्ष उलटलं. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आईची आणि भावंडं असतील तर त्यांची ना-हरकत, आरसी, विमा, पीयूसी हे सगळं घेऊन पेठ रोडच्या ऑफिसात जा. उशिराचा जो दंड होईल तो भरा, पण याच महिन्यात जा. तोवर तुम्हाला ती गाडी विकताही येणार नाही आणि निर्धास्त चालवताही येणार नाही. डीलरचे साडेसहा लाख हे कागद सरळ आहेत असं धरून बोललेले आहेत. फाइल उघडली की आकडा कसा खाली येतो ते मी बरेचदा बघितलंय.

सातपूरला माझं गॅरेज होतं तेव्हा एक गाडी आली होती, टेम्पोने मागून ठोकलेली. चालवणारा पुतण्या, गाडी काकांच्या नावावर, आणि काकांना जाऊन चार वर्षं झालेली. विम्याचा क्लेम असा अडकला की गाडी आठ महिने आमच्या शेडमध्येच पडून. मागच्या सीटवर मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन निघूनही गेली, तरी क्लेमचा पत्ता नाही.

दुसरा कागद मार्चचा. नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होतात, म्हणजे पासिंग नव्याने करायचं, पुढच्या पाच वर्षांसाठी. आपल्याकडे बनलेल्या साध्या कारला यासाठी ५,००० रुपये फी आहे. तुमची गाडी आयात केलेली. तिला ४०,०००. २०२२ च्या एप्रिलपासून हा दर लागू आहे, आणि गाडी वीस वर्षांची झाली की तोच ८०,००० होतो. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, पण आधी नाव बदललं पाहिजे, नाहीतर अर्ज करणार कोणाच्या नावाने? आणि 'मार्चच्या आत विकली तर हे चाळीस हजार वाचतील' असा हिशेब घरात कुणी मांडला असेल तर तो चुकीचा आहे. घेणारा तेवढेच भावातून कापून घेतो. गाडी ठेवली तरी हा खर्च तुमचा, विकली तरी तुमचाच.

आता खरा हिशेब. साडेसहा लाख आले तर एसयूव्हीसाठी साडेनऊ लाखांचं कर्ज, नाही आले तर सोळा लाखांचं. व्याज दहा टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली तर लाखाला महिन्याला २,१२५ रुपये हप्ता बसतो. (जुन्या गाडीला बँका याहून थोडं जास्तच लावतात.) साडेसहा लाखांचा हप्ता होतो साधारण १३,८००. म्हणजे आप्पांची गाडी ठेवायची तर पाच वर्षं दर महिन्याला तेवढे रुपये जाणार, वर विमा, सर्व्हिसिंग आणि टायर. थर्ड पार्टी विमा १५०० सीसीच्या वरच्या प्रत्येक खासगी कारला वर्षाला ७,८९७ रुपये आहे, तो दोघींना सारखाच. बाकी देखभालीला मी तुमच्या जागी असतो तर वर्षाचे लाखभर बाजूला काढून ठेवले असते. कधी त्यातले सत्तर हजार उरतील, कधी लाख पुरणार नाहीत.

मिस्टरांशी बोलताना हा १३,८०० चा आकडा समोर ठेवा. 'आप्पांची आठवण' विरुद्ध 'पांढरा हत्ती' असं भांडण कितीही रात्री चालेल. तेरा हजार आठशे आपल्याला झेपतात का, यावर एका चहात बोलणं होतं. झेपत नसतील तर गाडी विका, आणि आप्पांना काय वाटेल याचा घोर लावून घेऊ नका. मुलीने हप्ते ओढत बसावं असं कुठल्या बापाला वाटेल?

एसयूव्हीबद्दल थोडंच, कारण तिच्यात फार गूढ नाही. या मॉडेलच्या एक लाखाहून जास्त गाड्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये इंजिनजवळच्या वायरिंगच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. जून २०२१ ते जून २०२३ मध्ये बनलेल्या, म्हणजे तुमची त्यातच येते. ते काम झालंय का, हे सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन विचारा. दुसरं, हे बीएस ६ डिझेल. धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी लांब आणि सलग पळावी लागते. रोज फक्त कॉलेज रोडपर्यंत शाळेची फेरी, तीही सिग्नलला थांबत, सिंहस्थासाठी खोदलेले रस्ते चुकवत, असंच वर्षभर चाललं तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागणार. महिन्यातून एकदोनदा धुळ्याकडे नाहीतर वणीला देवीला जाणं होत असेल तर काही चिंता नाही. अजिबात होत नसेल तर पेट्रोलची शोधा. सातही सीट भरल्या तर डिकीत फार काही मावत नाही, हेही आधीच बघून ठेवा. दिरांची ओळख आहे म्हणून सर्व्हिसची बिलं मागायला लाजू नका. ओळखीतल्या व्यवहारात बिलं दुप्पट निरखून बघावीत.

बरं, एसएलके.

जागेवर दहा मिनिटं चालू ठेवणं आजपासून बंद. मिस्टर मनापासून करताहेत, पण त्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये धरलेलं पाणी उडून जात नाही, सुरू करताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढं परत भरत नाही, आणि टायर त्याच जागेवर दबून सपाट होत राहतात. एक तर चार्जर लावून ठेवा, नाहीतर पंचवीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. टाकीतलं पेट्रोल वर्षभराचं असेल तर काढून टाकायला लावा. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतो. २०११ ची ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. वापरात असेल तर भागतं. सहा-सहा महिने तेच टाकीत पडून राहिलं तर पंप, इंजेक्टर आणि रबरी नळ्या एकेक करून पैसे मागायला लागतात.

टायरच्या बाजूला चार आकडे शोधा. '३२१७' असेल तर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही छान दिसली तरी इतका जुना टायर आतून कडक झालेला असतो. इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून आपल्याकडच्यांना मुंबई अगदी दारात आल्यासारखी वाटते. पण समृद्धीच्या सिमेंटवर १२० च्या वेगाने हा टायर फुटला तर गाडी मर्सिडीज आहे की टेम्पो याने काही फरक पडत नाही. आधी टायर, मग बाकी सगळं.

इंजिनाचं एकच सांगतो. या १८०० सीसीच्या इंजिनात टायमिंग चेन लांबते, हा माहीत असलेला रोग आहे. सकाळी गार इंजिन सुरू करताना बोनेट उघडं ठेवून कान द्या. पहिली दोन-तीन सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखी खळखळ आली आणि मग थांबली, तर चेन तपासून घ्या. 'कॉम्प्रेसर' म्हणजे हवा कोंबणारा पंप, तो पट्ट्यावर फिरतो. त्याचा शिट्टीसारखा बारीक आवाज असतो, तो मात्र नॉर्मल आहे, घाबरू नका. कोणी त्याचंच बिल लावत असेल तर दुसऱ्याला दाखवा.

पावसाचं एक. टपाच्या कडेने येणारं पाणी खाली जायला बारीक वाटा ठेवलेल्या असतात. गाडी झाडाखाली उभी असेल तर त्या पाल्याने बुजतात, पाणी उलटं आत शिरतं आणि मॅटखाली साचून वायरिंग खातं. मी एका अशाच जुन्या कन्व्हर्टिबलच्या वाटेतून कडुलिंबाचा पाला, मुंग्यांची माती आणि एक लग्नाची अक्षता काढलेली आहे. मऊ तारेने हलक्या हाताने साफ करा, आणि टपाच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस किंवा तेल नको, त्याने रबर फुगतं.

एवढं सगळं करून ही गाडी नाशिकला वापरायची कधी? मेमध्ये टप उघडून फिरणारा फक्त सिनेमात दिसतो. जून ते सप्टेंबर प्रश्नच नाही. राहिले दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस, त्यातही सकाळ. पण त्या सकाळी, ताई, तुम्हाला पुण्या-मुंबईच्या लोकांना मिळत नाहीत. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ना, त्याच दिवसांत टप उघडून, काचा वर करून, हीटर पायांवर सोडून जायचं. तुमच्या सीटच्या मानेजवळ जाळी असेल तर त्यातून मानेवर गरम हवा येते. ही सोय कंपनीने या गाडीच्या याच पिढीपासून आणली, अर्थात सगळ्याच गाड्यांना ती नसते. आप्पांनी त्यासाठीच घेतली असावी असा माझा अंदाज.

तर माझं मत असं. एसयूव्ही आत्ता घ्या, कर्ज पूर्ण काढा, आणि एसएलकेला होळीपर्यंत मुदत द्या. डीलर कुठे पळून जात नाही. हा गेला तर दुसरा येईल, आणि टप चालत असेल तर जास्त देईल. न उघडणाऱ्या टपाची कन्व्हर्टिबल म्हणजे फक्त दोन सीटची अडचणीची गाडी, तिला भाव तसाच मिळणार. विकायची असली तरी आधी टप. एकदा नाव बदललं आणि विमा तुमच्या नावाने झाला की दर रविवारी तुम्ही स्वतः चालवा. मिस्टर नाहीत, तुम्ही. ऑटोमॅटिक आहे, क्लचची भानगड नाही, तासाभरात हात बसेल. आजवर न चालवलेल्या गाडीबद्दल तुम्ही मला विचारताय, मी तरी काय सांगणार? होळीला मोजा. दहातले सहा रविवार गेलात तर मार्चला चाळीस हजार भरा. दोनच गेलात तर विका. पुढच्या माणसाच्या हातात ती चालती राहील, तुमच्या पार्किंगमध्ये नुसती उभी असेल.

आणि दीड लाखांचा पंप. तो गेलेला असूही शकतो. हायड्रॉलिक ऑइल गळत असेल, डिकीच्या बिजागरीजवळची वायर वाकून वाकून तुटली असेल, वर्षभराच्या उभ्या गाडीत बॅटरी इतकी उतरली असेल की टप अर्ध्यावरही जाणार नाही. पण त्या गॅरेजवाल्याने डिकी उघडून बघितली का? या गाडीचा टप दुमडून डिकीत जातो. खाली सामान असेल तर ते चिरडू नये म्हणून डिकीत एक आडवा पडदा असतो, गुंडाळी ओढून दोन्ही बाजूंना अडकवायचा. तो अडकवलेला नसेल तर बटण कितीही दाबा, गाडी नुसता मेसेज देते आणि टप जागचा हलत नाही. पडदा खाली ओढल्यावर डिकीत उरते ती जागा थोडी, दोनशे लिटरच्या आसपास. घडीची खुर्ची तिथे असेल तर पडदा तिच्यावरून जाणारच नाही. आप्पांनी शेवटचं सामान टप लावलेला असताना ठेवलेलं दिसतंय.

तेव्हा दीड लाख देण्याआधी एक करा. बॅटरी रात्रभर चार्ज करा. सकाळी गाडी उघड्यावर घ्या, वर पत्रा किंवा फांदी नाही ना बघा, इंजिन चालू ठेवा. खुर्ची आणि थर्मास काढून घरात न्या. पडदा ओढून दोन्ही खटक्यांत बसवा, नीट, आवाज येईपर्यंत. मग बटण दाबून धरा, सोडू नका, बावीस सेकंद लागतात. टप उघडला तर आनंदवल्ली, सोमेश्वर करत सरळ गंगापूर धरणाकडे जा. खुर्ची शेजारच्या सीटवर बसते.